गारव्याचा फड

मे महिन्याच्या 25 तारखेच्या आसपास जळगावात एक गंमत होते. दुपारी साडेबाराला चार-पाच मिनिटं कमी असताना सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्याच पायाखाली गडप होते. विजेचा खांब, दुकानाची पाटी, शेंदूर फासलेला दगड, कुणालाच सावली उरत नाही. शहर एकवीस अंश अक्षांशाजवळ आहे आणि उत्तरेकडे सरकणारा सूर्य त्या दिवशी तिथवर पोचतो, एवढंच त्यामागचं गणित. पंचांगात याच सुमाराला रोहिणी लागते. पारा 45 च्या घरात असतो. आणि मी बहुतेक वर्षी नेमका याच आठवड्यात खान्देशात जातो.

ऐकणारे कपाळाला हात लावतात. जायचंच तर हिवाळ्यात जा, म्हणतात. तेव्हा शेतावर भरताच्या पार्ट्या असतात, काड्यांवर वांगी भाजतात. खरं आहे. पण खुद्द खान्देशाची रीत उलटी आहे. इथे लेकी माहेरी येतात त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ऐन वैशाखात. निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्याच दिवशी घरोघरी पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि तिच्यावर डांगर ठेवतात. वर्ष सर्वांत तापलेलं असताना लेकीला घरी आणायचं, आणि गेलेल्या माणसाला काय द्यायचं, तर गार पाणी. इथला पाहुणचार ताटापासून नाही, तांब्यापासून सुरू होतो.

माझ्या मावसभावाच्या घरी पाऊल टाकलं की वहिनी तांब्या पुढे करतात. ‘आधी पाणी प्या भाऊजी, मंग बोला.’ मी पाणी पिईपर्यंत त्या बादली उचलून मागच्या खिडकीकडे गेलेल्या असतात. तिथे पत्र्याचा कूलर आहे. टाकीत दोन बादल्या रिकाम्या होतात, मोटर गुरगुरते, कूलरच्या वाळक्या गवतावरून पाणी ओघळू लागतं आणि ओल्या गवताचा वास घेऊन पहिली झुळूक येते. आत येताना अंगावर असलेली भट्टी पाच मिनिटांत उतरते. मुंबईच्या पाहुण्याला ही जादू वाटते. तो घरी जाऊन तसाच कूलर घेतो आणि मग पैसे पाण्यात गेले म्हणून कुरकुरतो.

जादू कूलरची नसतेच, ती खान्देशाच्या कोरड्या हवेची. पाण्याची वाफ व्हायची तर उष्णता लागते. ती उष्णता पाणी हवेतून उचलतं आणि हवा गार होते. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ झपाट्यानं होते. समुद्राकाठची हवा आधीच ओलीचिंब, तिथे कूलर फक्त चिकचिक वाढवतो. ओट्यावरचा माठ हेच करतो, तो पाझरतो म्हणून गार राहतो. अंगावरचा घामही हेच करतो. रावेरकडे जाताना एखाद्या केळीच्या बागेत शिरून पाहावं. बांधावर हिरवी जाळी किंवा उंच गवताची भिंत, बाहेर गरम वाऱ्याचे फटके, आणि आत चार सऱ्या गेलं की तळघरात उतरल्यासारखं वाटतं. केळीचं रुंद पान दिवसभर पाणी सोडत असतं. ती बाग म्हणजे एकरभर पसरलेला कूलरच.

म्हणजे इथे गारवा हवेत मिळत नाही, तो पाण्यापासून करावा लागतो. ज्याच्याकडे पाणी, त्याच्याकडे गारवा. ही गोष्ट ध्यानात आली की झुळूक अंगावर घेताना जरा अवघडल्यासारखं होतं. केळी ठिबकवर गेली, पाणी मोजून मिळू लागलं, तरी रावेर-यावलच्या पट्ट्यात बोअर वर्षागणिक खोल जातात. शहरात नळ रोज येतो असं नाही. नळ आले की गल्लीत भांड्यांचा आवाज सुरू होतो आणि मग घराघरांत हिशेब होतो: पिण्याचं किती, धुण्याचं किती, आणि दुपारी कूलरला किती. पाहुणा आला की हा हिशेब मोडतो. त्या दोन बादल्या कुठून कमी झाल्या, हे वहिनी कधी सांगत नाहीत आणि मीही कधी विचारलेलं नाही.

या हिशेबाची सार्वजनिक तोड खान्देशानं फार पूर्वी काढली होती. धुळ्यातून वाहणाऱ्या पांझरेवर साक्रीपासून खाली ठिकठिकाणी जुने बंधारे आहेत. त्यांच्या पाण्यावर फडपद्धत चाले, काही गावांत तिच्या खुणा अजून आहेत. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, दर वर्षी फड आलटून पालटून. पाटकरी पाणी सोडी, जागल्या पिकाची राखण करी, आणि दोघांनाही नेमलेलं असे ते गावानं. पण खरी गंमत जमिनीच्या वाटणीत आहे. बहुतेक शेतकऱ्यांचा तुकडा प्रत्येक फडात असे. पाणी कमी पडलं की एखादा फड पूर्ण कोरडा ठेवत. त्यामुळे कोरडेपणा कुणा एकाच्या वाट्याला जात नसे. प्रत्येकाचं थोडं भिजे आणि प्रत्येकाचं थोडं वाळे. पाणी वाटायला पुष्कळांना येतं. या लोकांनी टंचाई वाटून घेतली.

कूलरची टाकी हे नेमकं त्याच्या उलट आहे. ती एका खोलीपुरती. आत बसलेल्याला रस्त्यावरचं ऊन दिसतसुद्धा नाही, कारण खिडकीत कूलर बसवलेला. बाहेर मात्र केळीचे घड गाडीत चढवणारा माणूस डोक्याला रुमाल गुंडाळून उभा असतो, आणि साडेबाराच्या उन्हात त्याची सावलीही त्याला सोडून गेलेली असते.

धुळ्याला गेलो की मला तुरुंगाची आठवण होते. 1932 मध्ये विनोबा तिथे बंदी होते आणि दर रविवारी गीतेवर बोलत. साने गुरुजी ते उतरून घेत. पहिलं प्रवचन 21 फेब्रुवारीला झालं आणि अठरावं 19 जूनला. तारखा पाहिल्या की लक्षात येतं, महाराष्ट्रानं घरोघरी वाचलेलं ते पुस्तक धुळ्याच्या एका अख्ख्या उन्हाळ्यात तयार झालं आहे. होळीच्या आधी सुरू झालं आणि मृगात संपलं. बोलणारा, लिहिणारा, ऐकणारे, कुणीही तो ऋतू निवडलेला नव्हता आणि कुणाच्या खिशात परतीचं तिकीट नव्हतं. माझ्या खिशात असतं. उन्हाचं कौतुक करताना मी ते विसरू नये, एवढं धुळे मला दर वेळी बजावतं. चार दिवसांच्या पाहुण्याला ऊन हा अनुभव असतो. राहणाऱ्याला तो खर्च असतो, पाण्याचा, विजेचा आणि अंगाचा.

तरीही मी याच दिवसांत जातो, याला आणखी एक कारण आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, मधून पश्चिमेला सुरतेकडे जाणारी तापी. पुराणांनी तिला सूर्याची लेक म्हटलंय, नावातच ताप आहे. जूनच्या तोंडावर याच खोऱ्यातून समुद्राकडची ओल वर चढू लागते. आभाळात अजून काही नसतं. पारा दोन अंश खाली आलेला असतो, पण जीव जास्त कासावीस होतो. अशाच एका दुपारी कूलर पूर्ण वेगात फिरत होता, गवत चिंब होतं, टाकी काठोकाठ, आणि आम्ही सगळे घामानं भिजलेलो. मी म्हटलं, मोटर बिघडली वाटतं. भाऊ कूलरसमोर हात धरून बसला होता. त्यानं हात काढला आणि हसला. ‘मोटर चांगली आहे. कूलर लागेना झाला. आता पाणी येतं.’

त्यानं उठून बटण बंद केलं. शेजारच्या घरातली गुरगुरही थांबली, मग पलीकडची. वहिनींनी टाकीतलं उरलेलं पाणी बादलीत काढलं आणि दारातल्या निंबाला घातलं. घरोघरी विकत आणि उसना आणलेला गारवा एकाच दुपारी सगळ्यांचा बंद पडला होता, आणि गल्लीतली माणसं ओट्यांवर येऊन पश्चिमेकडे बघत बसली होती. आता जे येणार होतं, त्याला टाकी लागणार नव्हती.