निळ्या जमिनीवर सोनेरी पट्टा

१३८६ साली जेफ्री चॉसर वेस्टमिन्स्टरला साक्षीसाठी उभा राहिला. कवी म्हणून नव्हे, जुना लढवय्या म्हणून. वाद ढालीवरच्या एका चिन्हाचा होता: निळी जमीन आणि तिच्यावर वरच्या कोपऱ्यातून खालच्या कडेपर्यंत उतरलेला सोनेरी तिरपा पट्टा. सर रिचर्ड स्क्रोप म्हणत होते की हे चिन्ह आमच्या घराण्याचं, सर रॉबर्ट ग्रोव्हनर म्हणत होते की आमचं. आदल्या वर्षी दुसऱ्या रिचर्ड राजाच्या स्कॉटलंडवरच्या स्वारीत दोघांच्या ढाली एकाच छावणीत दिसल्या आणि प्रकरण सरदारांच्या न्यायसभेत गेलं. फ्रान्सच्या मोहिमेत स्क्रोप मंडळी याच चिन्हाखाली लढताना आपण पाहिली, असं चॉसरने सांगितलं. पुढे त्याने एक किस्साही जोडला. लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जाताना त्याला हेच चिन्ह असलेली नवी पाटी टांगलेली दिसली. स्क्रोपांचं चिन्ह लावलेली ही कुठली खाणावळ, असं त्याने विचारलं, तर उत्तर आलं की हे स्क्रोपांचं नव्हे, ग्रोव्हनरांचं. ते नाव आपण तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं, असं त्याने शपथेवर नोंदवलं. अशा शेकडो साक्षी झाल्या.

एवढ्या साक्षींत पट्टा किती रुंद, निळा गडद की फिकट, याला काडीची किंमत नव्हती. भांडण चित्राचं नव्हतंच. ते एका वाक्याचं होतं, आणि ते वाक्य जेमतेम तीन-चार शब्दांचं: ‘अ‍ॅझर, अ बेंड ऑर’, म्हणजे निळ्यावर सोनेरी तिरपा पट्टा. ज्याचं वाक्य त्याचं चिन्ह. रंगाऱ्याने ते कसंही रंगवलं, शिल्पकाराने थडग्यावर कसंही कोरलं, तरी वाक्याशी जुळलं की पुरे. युरोपातल्या मानचिन्हांच्या विद्येत या वाक्याला ‘ब्लेझन’ म्हणतात. चित्राची ओळख चित्रात नसून त्याच्या वर्णनात असते, या कल्पनेचा इतका चिवट प्रयोग मला दुसरीकडे आढळलेला नाही.

ही कल्पना कुणी बसून ठरवलेली नाही. बाराव्या शतकात ढालींवर पक्की, बापाकडून मुलाकडे जाणारी चिन्हं दिसू लागली. अंजूचा सरदार जेफ्री याचं मीनाकारीतलं चित्र फ्रान्समधल्या ल मांस इथे आहे, त्याच्या निळ्या ढालीवर सोनेरी सिंह आहेत. त्याचा नातू विल्यम लाँगस्पे सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमध्ये पुरलेला आहे आणि त्याच्या ढालीवरही तसेच सिंह. चिलखतातल्या झुंजी आणि त्यांचे सामने वाढले, तसे कोण कोण आहे हे ओळखून ललकारणारे हेरॉल्ड आले. आपल्या भाटांशी त्यांचं नातं दूरचं, पण कामाचा सूर तोच. त्यांच्या याद्या आधी तोंडी, मग गुंडाळ्यांवर. १३०० साली इंग्रजांनी स्कॉटलंडमधल्या कार्लाव्हरॉक किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा कुणीतरी फ्रेंच पद्यात शंभराहून जास्त योद्ध्यांच्या ढाली एकामागून एक वर्णन केल्या. चित्र एकही नाही. तरी आज ते पद्य वाचून त्या ढाली रंगवता येतात.

हे जमतं कारण बोलण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी जमीन सांगायची, मग तिच्यावरची मुख्य वस्तू, मग आजूबाजूच्या वस्तू, मग त्या वस्तूंवर काही असेल तर ते, आणि काठ शेवटी. उजवं-डावं पाहणाऱ्याचं नाही, ढाल धरणाऱ्याचं. सोनं आणि चांदी हे धातू, लाल, निळा, काळा, हिरवा हे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको, कारण धुळीत, दुरून, घोड्यावरून ते दिसलं पाहिजे. जेरुसलेमच्या राज्याने चांदीवर सोन्याचा क्रॉस घेऊन हा नियम उघड मोडला आणि तो अपवाद म्हणून अजून शिकवला जातो. सिंहांचं प्रकरण तर मजेशीर आहे. मागच्या पायांवर उभा, पंजे उगारलेला तो सिंह. चालणारा आणि तोंड आपल्याकडे वळवलेला असेल, तर जुने हेरॉल्ड त्याला बिबट्या म्हणत. इंग्लंडच्या राजचिन्हातले तीन सिंह या हिशोबाने बिबटे होते. प्राणी कुठला हे अंगावरच्या ठिपक्यांवरून नाही, उभं राहण्याच्या ढबीवरून ठरायचं. इंग्लंडात बहुतेक कुणी जिवंत सिंह पाहिलेला नव्हता, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही.

ग्रोव्हनर प्रकरणाचा निकाल याच तर्काने लागला. १३८९ मध्ये न्यायसभेने पट्टा स्क्रोपांना दिला आणि ग्रोव्हनरांनी हवं तर त्याभोवती चांदीचा साधा काठ घालावा असं सांगितलं. राजाकडे दाद मागितल्यावर १३९० मध्ये रिचर्डने तोही नाकारला. काठाचा फरक भाऊबंदांमध्ये चालतो, परक्याला नाही. वाक्याच्या शेपटीला जोडलेला एक शब्द रक्ताचं नातं सांगत होता, म्हणून तो कुणालाही देता येत नव्हता. ग्रोव्हनरांनी मग निळ्यावर सोनेरी गव्हाची पेंढी घेतली. पण त्यांचा राग काही गेला नाही. १८८० मध्ये डर्बी जिंकणारा घोडा या घराण्याचा होता, आणि वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकने त्याचं नाव ठेवलं होतं ‘बेंड ऑर’.

माझ्या मते ब्लेझनचा हा सगळ्यात निरोगी काळ. शब्द थोडे होते आणि चित्रकाराला मोकळीक भरपूर. पुढे लढाईतून ढाल गेली, हेरॉल्डांचं कार्यालय राहिलं (लंडनमधलं १४८४ चं), आणि रिकाम्या हातांना विद्वत्तेचं वेड लागलं. राजांचे रंग ग्रहांच्या नावांनी सांगायचे आणि उमरावांचे रत्नांच्या, अशी टूम निघाली. सोन्याला सूर्य, लालला मंगळ. उमराव असेल तर तोच लाल माणिक. यातून एकाही ढालीची ओळख अधिक पक्की झाली नाही. त्या मानाने जेझुइट पाद्री पेत्रा सांक्ता याच्या १६३८ च्या ग्रंथाने रूढ केलेली युक्ती खरी कामाची: काळ्या शाईच्या छपाईत उभ्या रेषा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनं. चांदीची जुनी नाणी किंवा शिक्के निरखून पाहिले तर त्या रेषा अजून सापडतात.

खरी पडझड अठराव्या शतकाच्या शेवटी सुरू झाली. नाईलच्या लढाईनंतर नेल्सनच्या ढालीच्या माथ्यावर समुद्राच्या लाटा, ताडाचं झाड, मोडकं जहाज आणि ढासळलेला तोफखाना आला. दिल्ली आणि लासवारीला शिंद्यांच्या फौजा हरवणाऱ्या लेकच्या ढालीवर मोगलांचा मासा आला. मराठी इतिहासाच्या वाचकाला माहीमरातब नवा नाही, पण लंडनच्या रंगाऱ्याने तो काय समजून काढला असेल कोण जाणे. आणि मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय १८५७ मध्ये बॅरोनेट झाले, त्या घराण्याचं चिन्ह पाहा: निळ्या जमिनीच्या तळाशी घाट, त्यामागून उगवता सूर्य, वर दोन उडत्या मधमाश्या, सगळं नैसर्गिक रंगात. घाट म्हणजे मुंबईजवळचे डोंगर, असा खुलासाही वर्णनात छापलेला असतो.

चिन्ह देखणं आहे, मधमाश्या तर व्यापारी घराण्याला शोभतातच. पण भाषेची अडचण त्या खुलाशातच कळते. सिंह काढायला सिंह पाहावा लागत नव्हता. सह्याद्री काढायला मात्र तो पाहिलेला हवा, नाहीतर आल्प्स निघतो. ‘नैसर्गिक रंगात’ म्हणताच रंगांची यादी संपली, कारण पावसाळ्यातला घाट हिरवा आणि मे महिन्यातला करडा. वाक्य आता चित्राला बांधत नव्हतं, चित्राच्या मागे धापा टाकत चाललं होतं.

१८७७ च्या दिल्ली दरबारात लॉर्ड लिटनने संस्थानिकांना साटीनची जड निशाणं दिली. त्यांवरची मानचिन्हं बंगालमधला मुलकी अधिकारी रॉबर्ट टेलर याने रचली होती, आणि निशाणांच्या कामात लॉकवूड किपलिंगचा हात होता, तोच जो आधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत होता. आपल्याकडे जरीपटका होता, शिक्के-मोर्तब होते, माहीमरातब होता. ढालीवर चढलेलं वाक्य मात्र नव्हतं, आणि ते वरून चिकटवल्याने रुजलंही नाही.

विसाव्या शतकात हेरॉल्ड पुन्हा थोड्या शब्दांकडे वळले. कॅनडाचा १९६५ चा ध्वज एका ओळीत मावतो, फक्त मधल्या रुंद पांढऱ्या पट्ट्यासाठी एक नवा शब्द घडवावा लागला. पण तोवर जगाचा ओढा दुसरीकडे होता. कंपनीच्या बोधचिन्हाला वाक्य नसतं, त्याला रंगाचा क्रमांक असतो. स्कॉटलंडच्या ध्वजाचा निळा शतकानुशतकं नुसता ‘अ‍ॅझर’ होता, कापडवाल्याकडे असेल तो. २००३ मध्ये तिथल्या संसदेच्या समितीने पँटोन ३०० ही छटा सुचवली. आता दुसरा निळा वापरला तर तो चुकीचा वाटू लागेल.

भारताने पहिल्यापासूनच चित्राची बाजू घेतली. २००५ च्या राजचिन्हाच्या कायद्याला चिन्हाची आकृतीच जोडलेली आहे. म्हणूनच जुलै २०२२ मध्ये नव्या संसद भवनावरच्या साडेसहा मीटर उंच ब्राँझच्या सिंहांचे जबडे उग्र आहेत की नाहीत, यावर आठवडाभर वाद रंगला. कोन बदलल्याने तसं दिसतं, असं सरकारी बाजूने सांगण्यात आलं, आणि टीकाकार सारनाथचे फोटो शेजारी ठेवत राहिले. मध्ययुगीन हेरॉल्डला हा वाद कळलाच नसता. सिंह आहेत, पाठीला पाठ लावून आहेत, एवढ्यावर त्याचं काम झालं असतं. तरी मला टीकाकारांची मागणी गैर वाटत नाही. स्क्रोपांचा पट्टा कुठल्याही एका ढालीवर राहत नव्हता, तो वाक्यात राहत होता. सारनाथचे सिंह मात्र एका दगडात आहेत, कुणीतरी घासून गुळगुळीत केलेल्या, आणि त्यांची मुद्रा कशी आहे हे जाऊन पाहता येतं.