पळीभर तेलावरचा आरोप

मावशीला मुंबईला 'टाटा'ला नेलं ते कापूस वेचणीच्या दिवसांत. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, केमोच्या फेऱ्या झाल्या आणि ती पारोळ्याजवळच्या आपल्या गावी परत आली. भेटायला येणाऱ्या बायकांचा प्रश्न बहुधा एकच असे: "तुमच्याकडे तेल जास्त खातात का?" महिन्याभरात घरातल्या भाजीवरची तर्री गेली. पुढच्या हिवाळ्यात भरीत केलं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, मिरची-लसणाबरोबर लाकडी बडगीत ठेचली, वर पातीचा कांदा पडला. सगळ्यांच्या भरितात शेंगदाण्याचं कढत तेल आलं, मावशीच्या ताटातलं तेवढं कोरडं राहिलं. चूक केलेल्या माणसाने शिक्षा भोगावी तसं तिने ते मुकाट्याने खाल्लं. तेलावरचा हा आरोप आला कुठून, याचा शोध मी त्या ताटापासून घेऊ लागले.

तेला-तुपाकडे संशयाने पाहणं खान्देशाला नवं नाही. पण आधी संशयाचं कारण वेगळं होतं. १९४५ साली महंमद हाशम प्रेमजींनी अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. आज जिला जग 'विप्रो' म्हणतं तीच ही. आसपास भुईमूग अमाप पिकत होता. शेंगदाण्याच्या तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळला की तेल तुपासारखं थिजतं. ते वनस्पती तूप. कुठल्याही कारखान्याचं असलं तरी लोक त्याला 'डालडा'च म्हणत. भीती होती ती भेसळीची. साजूक तुपात वनस्पती मिसळलं तर ओळखायचं कसं? म्हणून वनस्पतीत पाच टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती झाली. भेसळीच्या तुपात आम्ल आणि फरफ्युरल टाकलं की तिळाच्या तेलामुळे लाल रंग चढतो आणि चोरी उघडी पडते. फसवणुकीची भीती अशी परीक्षानळीत डोळ्यांनी दिसायची. रोगाची भीती नंतर आली आणि तिला असा लाल रंग नव्हता.

तिचं मूळ मात्र त्या कारखान्याच्याही आधीचं आहे. १९४२ साली शिकागोत अल्बर्ट टॅननबॉम यांनी उंदरांना जास्त स्निग्धांश असलेला आहार दिला. त्यांच्या माद्यांमध्ये स्तनाच्या गाठी वाढल्या. याच टॅननबॉम यांनी हेही दाखवलं होतं की उंदरांना एकूणच कमी खायला दिलं तर गाठी कमी होतात. हा दुसरा निष्कर्ष पुढे मागे पडला. माझ्या मते गोंधळाची सुरुवात तिथेच झाली.

१९७५ च्या सुमारास कॅनडाच्या केनेथ कॅरल यांचा आलेख गाजला. एका बाजूला देशातल्या माणसाच्या वाट्याला रोज येणारं तेल-तूप-चरबी, दुसऱ्या बाजूला स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू. जपान, थायलंड खाली डाव्या कोपऱ्यात. हॉलंड, डेन्मार्क, अमेरिका वर उजवीकडे. मधले ठिपके जवळजवळ एका ओळीत. पाहणाऱ्याचा विश्वास बसावा असंच ते चित्र होतं. जपानी घराणी हवाईत आणि अमेरिकेत गेली, तर तिथे त्यांच्या मुली-नातींमध्ये हा रोग वाढला, हेही दिसत होतं. म्हणजे दोष रक्ताचा नाही, राहणीचा. १९८२ साली अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने आहारातल्या स्निग्धांशाचं प्रमाण उष्मांकांच्या तीस टक्क्यांपर्यंत उतरवण्याचा सल्ला दिला. पुढे हीच गोष्ट वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांतून पारोळ्याच्या ओट्यापर्यंत पोचली.

असा आलेख महाराष्ट्रातही काढता आला असता. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाच्या रुग्णांची नोंद ठेवली जाते. डॉ. जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पारशी स्त्रियांमध्ये या रोगाचं प्रमाण इतर समाजांपेक्षा ठळकपणे जास्त आढळलं. १९८७ साली बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली, आणि तिथे हे प्रमाण मुंबईपेक्षा कितीतरी कमी निघालं. शहरात तेल-तूप जास्त, खेड्यात कमी. ठिपके जोडा आणि मोकळे व्हा! पण त्या काळची बार्शीकडची बाई डोळ्यांपुढे आणा. लवकर लग्न, विशीच्या आत पहिलं मूल, पाच-सहा बाळंतपणं, प्रत्येक लेकराला दोन-दोन वर्षं अंगावर पाजणं, दिवसभर शेतात वाकलेली पाठ, अंगावर मांस नाही. पारशी स्त्री शिकलेली, उशिरा लग्न झालेली, कित्येकदा अविवाहित. या दोघींत फरक फक्त तेलाच्या बुधल्याचा होता, असं कसं म्हणायचं?

बाळंतपणं आणि अंगावर पाजणं यांचा हा विचार तेलाच्या विचारापेक्षा जुना आहे. १७१३ साली इटलीच्या रामाझिनी या वैद्याने ख्रिस्ती जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त दिसतो असं लिहून ठेवलं होतं. १९२६ साली इंग्लंडच्या डॉ. जॅनेट लेन-क्लेपन यांनी शेकडो रुग्ण स्त्रिया आणि तितक्याच निरोगी स्त्रियांची तुलना करून मुलांची संख्या आणि अंगावर पाजणं यांचा संबंध दाखवला. म्हणून मुलींची लग्नं लवकर करा, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. मुली शिकल्या, उशिरा आई झाल्या, बाळंतपणात मरायचं प्रमाण घटलं, हे आपण मिळवलेलं आहे. त्यासोबत एक धोका वाढत असेल तर त्याची काळजी दवाखान्याने घ्यायची, त्याची किंमत मुलीने का मोजावी?

तेलाच्या सिद्धांताला पहिला मोठा धक्का १९८७ साली बसला. हार्वर्डचे वॉल्टर विलेट आणि सहकाऱ्यांनी ८९,५३८ परिचारिकांचा चार वर्षांचा हिशेब मांडला. जास्त स्निग्ध खाणाऱ्या आणि कमी खाणाऱ्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचा फरक दिसेना. १९९६ साली सात अभ्यासांतल्या तीन लाखांहून जास्त स्त्रियांची माहिती एकत्र केली, तरी उत्तर तेच. दरम्यान अमेरिकेत ४८,८३५ पोक्त स्त्रियांचे दोन गट पाडले. एका गटाला तेल-तूप कमी करायला लावलं, दुसऱ्याला नेहमीचं खाऊ दिलं. २००६ साली निकाल आला: वर्षाला दहा हजार स्त्रियांमागे पहिल्या गटात ४२ जणींना रोग झाला, दुसऱ्यात ४५ जणींना. एवढा फरक हा योगायोग नाही असं म्हणता येत नव्हतं. मात्र याच स्त्रियांचा पाठपुरावा वीसेक वर्षं चालू राहिला आणि २०२० साली कळलं की कमी स्निग्ध खाणाऱ्या गटात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे २१ टक्क्यांनी कमी आहेत. पण त्या बायकांनी भाज्या, फळं आणि धान्यंही वाढवली होती, त्यांचं वजनही थोडं उतरलं होतं. श्रेय एकट्या तेलाच्या कपातीला देता येत नाही.

तेल अगदी निर्दोष आहे, असं मी म्हणत नाही. पाळी गेल्यावर अंडकोश इस्ट्रोजेन बनवायचं थांबवतात, पण शरीरातली चरबी दुसऱ्या वाटेने ते बनवतच राहते. चरबी जास्त तर इस्ट्रोजेन जास्त, आणि स्तनाच्या बऱ्याच गाठी त्यावर पोसतात. म्हणजे तेलाचा धोका असलाच तर तो वजनाच्या वाटेने येतो, आणि त्या वाटेवर साखर, मैदा, बसून राहणंही आहे. खान्देशात ही वाट माझ्या डोळ्यांदेखत रुंद झाली. घाण्याच्या तेलाची बरणी जाऊन पिशवीतलं पाम आणि सोयाबीन आलं, जातं गेलं, पाणी नळाला आलं, शेतात जायला मोटारसायकल आली. कष्ट उतरले ते चांगलंच झालं, पण पळी मात्र तेवढीच राहिली. अमळनेरच्या त्या थिजलेल्या तुपाबद्दलही आता कायदा आहे: २०२२ पासून तेला-तुपातले ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या वर चालत नाहीत. पण तो कायदा मुख्यतः हृदयासाठी आहे. स्तनाच्या कर्करोगाबाबत ट्रान्स फॅटविरुद्ध एवढा भक्कम पुरावा नाही.

मावशी सडसडीत होती. जन्मभर शेतात राबली. तिच्या पळीला गुन्हेगार ठरवताना कुणी तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. आणि एक गोष्ट कुणी विचारलीच नाही, मीही नाही: गाठ कधी लागली? ती आंघोळ करताना हाताला लागून आठ महिने झाले होते. पेरणी होती, मग धाकटीचं लग्न होतं. त्याच दिवसांत एकदा थोरल्या जावेने तब्येतीचं विचारलं तेव्हा तिने "माले काय व्हयेल शे?" म्हणून उडवून लावलं होतं.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी सुमारे दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षं एक प्रयोग चालवला. निम्म्या स्त्रियांचे स्तन दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविका हाताने तपासायच्या. २०२१ साली निकाल छापला: गाठी लवकर सापडल्या आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. एवढं काम नुसत्या हातांनी झालं, मॅमोग्राफीच्या यंत्राशिवाय.

गेल्या हिवाळ्यात मावशीकडे पुन्हा भरीत होतं, सोबत कळण्याची भाकरी. मी तिच्या ताटात तेल वाढलं. तिने सुनेकडे पाहिलं, सून काही बोलली नाही. जेवता जेवता सुनेनेच विचारलं, "आत्या, ती गाठ हाताला कशी लागली होती?" मावशीने घास खाली ठेवला, पदराला बोटं पुसली, सुनेचं मनगट धरलं आणि अंगठ्याने दाबून दाखवलं. "हरभराना दाणानी गत. दुखे नही, म्हनीसन ऱ्हाऊ दिधी."