गिलगालचे धोंडे

(यहोशवा, अध्याय 4)



यार्देन ओलांडून इस्राएल लोक पलीकडच्या तीरास लागले, तेव्हां देवाच्या आज्ञेवरून बारा माणसांनीं नदीच्या कोरड्या पात्रांतून बारा धोंडे खांद्यावर वाहून आणिले व यहोशवानें ते गिलगाल येथें उभे केले. हेतु काय, तोहि तेथेंच सांगितला आहे : पुढें मुलांनीं विचारावें कीं हे धोंडे कशाकरितां, आणि बापांनीं सांगावें. एवढी कथा आपल्या शब्बाथशाळेंतील लहान मूलहि जाणतें. परंतु तिचा शेवट आपण बहुधा वाचीत नाहीं. तो शास्ते ह्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांत, दहाव्या वचनांत आहे. ती पिढी मातीस मिळाली आणि तिच्यामागून अशी पिढी उठली कीं जिला परमेश्वराची ओळख नव्हती व त्यानें आपल्या लोकांसाठीं केलेलीं कृत्येंहि ठाऊक नव्हतीं. धोंडे कोणी उचलून नेले असें तेथें म्हटलेलें नाहीं. सांगणारा मात्र राहिला नव्हता.

हें मीं पुष्कळदां शिकविलें आहे, आणि तरी चुकलों तो मीच. माझ्या मंडळींत नव्वदीच्या घरांतील एक आजी होती. भेटीस गेलों कीं ती म्हणे, “पाळकसाहेब, जरा बसा की. आमच्या आयची गोष्ट तुम्हांला सांगायची हाय.” मला पुढच्या गांवीं उपासनेस जावयाचें असे. “आजी, पुढल्या फेरीस निवांत ऐकतों,” असें मीं किती वेळां म्हटलें तें आठवत नाहीं. तुटक तुटक कानीं पडलें तें एवढेंच कीं, 1899–1900 च्या मोठ्या दुष्काळांत तिची आई लहान पोर असतां बापाच्या खांद्यावर बसून गंगा उतरून आली. (आमच्याकडे गोदावरीस गंगाच म्हणतात.) मागल्या उन्हाळ्यांत आजी प्रभूमध्यें निजली. मूठमाती देऊन परततांना तिच्या नातवानें विचारिलें, “पाळकसाहेब, आजीची माणसं मूळची कुठल्या गावची हो?” मला ठाऊक नव्हतें. जमलेल्यांपैकीं कोणासहि ठाऊक नव्हतें. मंडळीची जुनी बाप्तिस्म्याची नोंदवही काढून पाहिली, तों तीं पानें वाळवीनें खाल्लीं होतीं.

पाटलाकुलकर्ण्यांच्या घरीं कागद असत, भाट येऊन वंशावळ म्हणत. आपल्यांतील पुष्कळांचे पूर्वज गांवकुसाबाहेर राहणारे. त्यांची हकीकत लिहून ठेवण्याची कोणास गरज वाटली नाहीं. आपल्याजवळ जें आहे तें म्हाताऱ्यांच्या जिभेवर आहे.

मग आपण विचारीत कां नाहीं? कांहींजण म्हणतात, आम्हीं देव्हाऱ्यांतले टाक सोडिले, पितरांस पान वाढणें सोडिलें, आतां पूर्वजांचें नांव कशाला? ही भीति प्रामाणिक आहे, म्हणून तिला उत्तर दिलें पाहिजे. यहोशवा म्हातारपणीं शखेम येथें सर्वांस जमवून बोलूं लागला, तेव्हां त्यानें आरंभ केला तो अब्राहामाचा बाप तेरह याजपासून. आणि तेरह अन्य देवांची सेवा करीत होता हेंहि त्यानें उघड सांगितलें (अध्याय 24). नांव घेणें निराळें आणि नैवेद्य दाखविणें निराळें. पौलानें अंत नसलेल्या वंशावळींपासून सावध केलें आहे खरें, पण तें कुळाच्या घमेंडीविषयीं व वादांविषयीं. त्याच पत्रांचा धनी जो तीमथ्य, त्याला तो आजी लोईस व आई युनीके यांची नांवें घेऊन आठवण देतो. तीमथ्याचा बाप हेल्लेणी होता. विश्वास आला तो बायकांच्या हातून. आपल्या घरच्या याद्यांत मात्र पुरुषच पुरुष. आजीचें माहेर कोणतें असें विचारिलें कीं सारे एकमेकांकडे पाहूं लागतात!

दुसरें कारण लाज. “पोटासाठीं बाटले” हा टोमणा आपल्या आजापणजांनीं ऐकिला, म्हणून दुष्काळाची गोष्ट निघाली कीं आपण विषय बदलतों. मला यांत लाजण्याजोगें कांहींच दिसत नाहीं. याकोबाचे मुलगे मिसरांत गेले ते धान्यासाठींच. ज्यानें भाकर दिली त्याचा देव कोण, असें भुकेल्यानें विचारिलें तर त्यानें काय वाईट केलें? मत्तयानें प्रभूची वंशावळ लिहितांना तामार व राहाब यांस गाळलें नाहीं, आणि उरीयाच्या बायकोचा उल्लेख करून दाविदाचें पापहि झांकलें नाहीं. लक्ष्मीबाई टिळक कधीं शाळेंत गेल्या नव्हत्या. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालीं झाला, त्यांचा 1900 सालीं. मधली ताटातूट, रागलोभ, सोवळ्याओवळ्याचा झगडा, सर्व त्यांनीं स्मृतिचित्रांत जसेंच्या तसें मांडिलें. बापाचें चरित्र लिहूं पाहणाऱ्या देवदत्तानें आईजवळ आठवणी मागितल्या, तेथून त्या लिखाणाचा आरंभ झाला.

मागितल्या, हें ध्यानांत घ्या. पण “घराण्याचा इतिहास सांगा” असें एकदम म्हटलें तर म्हातारें माणूस गप्प बसतें. जातें, घोंगडी, जुनी पेटी, असें कांहीं पुढें ठेवून विचारावें. ह्या पावसाळ्यांत मीं शब्बाथशाळेच्या मुलांस गांवच्या पाझर तलावाच्या बांधावर नेलें. तेथें रोज पोहणाऱ्या पोरांस तो कोणी बांधला हें ठाऊक नव्हतें. बरोबर आलेल्या दोघी म्हाताऱ्या बोलूं लागल्या : 1972 च्या दुष्काळांत ह्याच बांधावर त्यांनीं मातीच्या पाट्या वाहिल्या, खावयास सुकडी आणि तांबडी मिलो, तान्हीं लेकरें बाभळीला झोळींत टांगलेलीं. झोळींतलें एक लेकरूं म्हणजे आमच्यांतील एका मुलाचा बाप. तो मुलगा कितीतरी वेळ बांधाकडेच पाहत राहिला.

उपदेशक बंधूंनो, फेरीवर जातांना एक वही जवळ असूं द्या. नांव, माहेर, गांव. शुभवर्तमान प्रथम कोणाच्या तोंडून ऐकिलें. घरांतून कोण आलें नाहीं व कां. म्हाताऱ्यांच्या सांगण्यांत सालें चुकतात. तीं मागून नोंदवहीशीं ताडून पाहावीं, बोलतांना मध्येंच अडवूं नये. भाऊबंदकीचीं दुखणीं निघतील; तीं सांगणाऱ्याच्या परवानगीवांचून लिहूं नयेत. एक प्रत घरच्या पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानांवर असावी व दुसरी मंडळींत. वाळवीचा अनुभव वर सांगितलाच आहे.

आजीच्या त्या नातवानें व मीं मिळून त्याच्या शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर एवढेंच लिहिलें आहे : “पणजी. 1899–1900 च्या दुष्काळांत बापाच्या खांद्यावर बसून गंगा उतरून आली.” नांवाची व गांवाची जागा मोकळी ठेविली आहे. गंगेपलीकडील मंडळ्यांत कोणाच्या वडीलधाऱ्यांनीं असा बाप व अशी मुलगी यांची गोष्ट सांगितली असल्यास कृपा करून ह्या पत्राच्या द्वारें कळवावें.