रुग्णापासून सत्य लपवावे काय?

डॉक्टर आशा सोडतात तेव्हा बहुतेक घरांत एकच कुजबुज सुरू होते : 'अब्बांना कळू देऊ नका.' यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु ज्याचे आयुष्य सरत आले आहे, त्यालाच अंधारात ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) मक्केत अत्यवस्थ होते. प्रेषित मुहम्मद (स.) भेटीस आले, तेव्हा सअद यांनी वसीयतीचा विषय काढला. प्रेषितांनी त्यांना गप्प केले नाही. एक तृतीयांशाची मर्यादा घालून दिली, वारसांच्या हक्काची जाणीव दिली आणि त्याच भेटीत दीर्घायुष्याची आशाही व्यक्त केली. सअद (रजि.) पुढे अनेक वर्षे जगले. सत्य बोलणे म्हणजे आशा तोडणे नव्हे.

कर्जाची नोंद सांगणे, अमानत परत करणे, दुखावलेल्यांची माफी मागणे ही कामे रुग्णाचीच आहेत. खोटा दिलासा ही संधी हिरावून घेतो. म्हणून त्याने विचारले तर हळुवारपणे खरे सांगा. न विचारल्यास लादू नका. पण 'मनात काही राहिले आहे का?' एवढे अवश्य विचारा.

अखेरच्या घटकेला जवळ बसून मंद स्वरात कलिमा म्हणा. त्याला सक्ती करू नका. त्याने एकदा उच्चारला की थांबा, तेच त्याचे अखेरचे शब्द राहोत.

अल्लाह आपल्या मायेला सत्याची जोड देवो. आमीन.