रथाचे घोडे सोडले तेव्हा



आजचं वाचन द्रोणपर्वातलं. युद्धाचा 14 वा दिवस. आदल्या दिवशी अभिमन्यू गेलाय आणि उद्याच्या सूर्यास्ताआधी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्नीत प्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर डेडलाइन. आणि चुकली तर एस्केलेशन मेल येणार नाही, जीवच जाणार.

अशा दिवशी मधेच काय घडतं? रथ थांबतो. अर्जुन म्हणतो, घोडे थकलेत, बाण लागलेत, जयद्रथ अजून लांब आहे. यांना सोडू या. कृष्ण म्हणतो, माझ्याही मनात तेच आहे. अर्जुन खाली उतरून पायीच सगळं सैन्य अडवतो. घोड्यांना पाणी नाही म्हटल्यावर अस्त्राने जमीन फोडून तळं करतो, वर बाणांचं घर उभारतो. आणि आत साक्षात भगवंत शांतपणे घोड्यांचे बाण उपटतायत, त्यांना चोळतायत, पाणी पाजतायत, चारा घालतायत. शत्रूचे योद्धे बघतच राहिले, असं वर्णन आहे.

हा प्रसंग मी आधीही वाचला होता, पण चमत्कार म्हणून. या वेळी टोचला, कारण माझी भाची.

ती नांदेडला नीटची तयारी करते. इकडे लातूर पॅटर्नचं नाव घेतच पोरं मोठी होतात. मामा इंजिनिअर, म्हणून टाइमटेबल मी केलं. एक्सेलमध्ये, रंग भरून. 14 तास, एकही सेल रिकामा नाही. मला फार अभिमान होता त्याचा. दिवाळीपर्यंत ती पाठ असलेल्या रिअ‍ॅक्शन विसरायला लागली. मी काय केलं? रिव्हिजनचा अजून एक तास घातला. (कोडमध्ये मेमरी लीक असताना रॅम वाढवतात तसं.)

सुट्टीत अर्धापूरला आलो तेव्हा बाबा केळीत होते. इसापूरच्या कालव्याला पाणी आलेलं. मी म्हटलं, पाणी आहे तर सोडा की अजून. ते म्हणाले, "वाफसा येऊ दे ना. मुळ्यायला हवा नको का? तुंबलं की कुजतेत."

शहरात वाढलेल्यांसाठी: वाफसा म्हणजे पाणी देऊन झाल्यावर जमीन ओली असते, पण मोकळीही होते. मातीच्या कणांमधे ओलावा असतो, तशी हवाही असते. मुळं नीट जेवतात ती तेव्हा. आमच्या काळ्या जमिनीत पाणी लवकर हटत नाही, त्यामुळे थांबणं हाच शेतीतला मोठा भाग. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, शेतकरी नुसता बांधावर बसलाय.

हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने 1885 मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. निरर्थक अक्षरांची यादी एकाच दिवशी 68 वेळा घोकून जेवढा फायदा झाला, तेवढाच तीन दिवसांत विभागून 38 वेळा म्हटल्यावर झाला. उरलेलं काम मधल्या वेळाने केलं. ऑफिसात हे रोज बघतो. तीन तास न सापडलेला बग चहाच्या टपरीवर सापडतो, आणि तरीही उठताना चोरी केल्यासारखं वाटतं.

ते वाटणं खोटं नाही, असं मला वाटतं. कारण ब्रेकच्या नावाखाली आळस खपवता येतो, आणि आपण खपवतोच. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत अति झोपणाऱ्यालाही योग नाकारतात आणि अति जागणाऱ्यालाही. आपण आपल्या सोयीचा अर्धा भाग उचलतो. मग फरक कसा ओळखायचा? मला द्रोणपर्वात एक खूण दिसते. घोडे *सोडले* होते. रथाला जुंपलेलेच ठेवून नुसते उभे केले नव्हते. जू उतरलं, बाण निघाले. मी 20 मिनिटं रील्स बघतो तेव्हा जू मानेवरच असतं, वर दोन बाण नवीन लागतात.

अजून एक गोष्ट, आणि हीच मला जास्त लागली. घोडे निवांत पाणी पीत होते, कारण बाहेर कुणीतरी उभं होतं. भाचीला मी बाण काढायला जागा दिली नाही. उलट "बाकीची पोरं किती तास बसतात" हे मीच आत सोडत होतो. तिने कधी तक्रार केली नाही. ती करत नाही, हेच मी प्रगती समजत होतो.

काल तिला फोन करून सॉरी म्हटलं. संध्याकाळचे दोन सेल रिकामे केले. तिने विचारलं, "मामा, इथं काय लिहायचं?" म्हटलं, काही नाही. "आईने विचारलं तर?"

म्हटलं, माझं नाव सांग. मग ताईला फोन लावला. अर्धा तास बोलणी खाल्ली.

राम कृष्ण हरी.