चार तास आधी संपलेलं युद्ध

11 नोव्हेंबर 1918. पहाटे पाचच्या सुमारास फ्रान्समधल्या काँपिएन्यच्या जंगलात, रेल्वेच्या एका डब्यात युद्धविरामावर सह्या झाल्या. तोफा मात्र थांबायच्या होत्या सकाळी अकराला. मधल्या सहा तासांत माणसं मरतच राहिली. बाल्टिमोरचा हेन्री गुंथर हा अमेरिकी सैनिक 10 वाजून 59 मिनिटांनी संगीन रोखून जर्मन मशिनगनच्या दिशेनं धावला. समोरचे जर्मन हात हलवून त्याला परत जा म्हणत होते. तो थांबला नाही आणि शेवटी त्यांनी गोळ्या झाडल्या. गुंथर एके काळी सार्जंट होता. घरी लिहिलेल्या एका पत्रात त्यानं लष्कराबद्दल तक्रारी केल्या, ते पत्र तपासनिसाच्या हाती पडलं आणि त्याचा हुद्दा गेला. मेल्यानंतर तो हुद्दा त्याला परत देण्यात आला.

ज्यांनी गुंथरला मारलं, त्यांनी खून केला का? आणि तोच प्रसंग अकरा वाजून एक मिनिटानं घडला असता तर?

सॅम्युएल फुलर या दिग्दर्शकानं आपल्या ‘द बिग रेड वन’ (1980) या चित्रपटाचा सगळा डोलारा याच प्रश्नावर उभा केला. सुरुवातीचा प्रसंग कृष्णधवल आहे. नोव्हेंबर 1918, फ्रान्स. धुरानं भरलेल्या माळावर रिकाम्या डोळ्यांचा एक प्रचंड लाकडी ख्रिस्त क्रुसावर लटकतो आहे. त्याच्या पायाशी एक जर्मन सैनिक हात वर करून, युद्ध संपलं असं ओरडत पुढे येतो. अमेरिकी सैनिकाला ती शत्रूची चाल वाटते आणि तो सुरा चालवतो. खंदकात परतल्यावर त्याला कॅप्टनकडून कळतं की युद्ध चार तासांपूर्वीच संपलेलं आहे. तुला ठाऊक नव्हतं, अशी कॅप्टन त्याची समजूत घालतो. सैनिकाचं उत्तर अगदी थोडक्यात आहे: त्याला ठाऊक होतं.

या उत्तरात सगळा पेच आहे. आपला हेतू शुद्ध होता, आपल्याला माहिती नव्हती, ही सबब मारणाऱ्याला वाचवते. मेलेल्याला ती काय देते?

चोवीस वर्षांनी हाच माणूस सार्जंट झालेला दिसतो. केस पिकलेले, चेहरा दगडासारखा, आणि हाताखाली विशी-बाविशीची चार कोरी पोरं. या भूमिकेतला ली मार्विन तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता. तो स्वतः दुसऱ्या महायुद्धात मरीन होता. जून 1944 मध्ये सायपान बेटावर तो जबर जखमी झाला आणि वर्षाहून अधिक काळ इस्पितळात राहिला. फुलरही पहिल्या इन्फंट्री डिव्हिजनच्या 16 व्या रेजिमेंटमधला. गुन्हेगारीच्या बातम्या लिहिणारा हा पत्रकार तिशीला टेकलेला असताना सैन्यात गेला आणि उत्तर आफ्रिका, सिसिली, ओमाहाचा किनारा असं करत चेकोस्लोव्हाकियातल्या फाल्केनाऊपर्यंत पोचला. म्हणजे प्रश्न विचारणारा दिग्दर्शक आणि तो पडद्यावर वागवणारा नट, दोघांनीही युद्ध अंगावर घेतलेलं होतं. त्यामुळे चित्रपटात उपदेश जवळजवळ नाही.

युद्धपटातला कडक सार्जंट तसा ओळखीचा आहे. ‘सँड्स ऑफ इवो जिमा’ (1949) मधला जॉन वेनचा स्ट्रायकर शिव्या घालत पोरांना घडवतो आणि शेवटी हुतात्मा होतो. स्टॅन्ली क्युब्रिकच्या ‘फुल मेटल जॅकेट’ (1987) मधला हार्टमन पोरांना इतका मोडतो की त्यांतलाच एक त्याला गोळी घालतो. फुलरचा सार्जंट या दोघांहून वेगळा आहे. तो फारसा ओरडत नाही, शत्रूच्या द्वेषाची व्याख्यानं देत नाही. रायफल कोरडी ठेवा, चालत राहा, सांगितलं ते करा, एवढंच त्याचं शिक्षण. आपल्याकडे रंगरूट अशा शिक्षकाला ‘उस्ताद’ म्हणतात. कला शिकवणाऱ्याला आणि मारायला शिकवणाऱ्याला आपण एकच मान देतो, आणि हा मान फुकटचा नाही. उस्तादाच्या शिकवणुकीवर पोराचा जीव टिकतो.

पण त्याच शिकवणुकीतून दुसरा कुणी मरतो. चौघांतला ग्रिफ (मार्क हॅमिल) उत्तम नेमबाज आहे. समोर माणूस दिसला की मात्र त्याचं बोट घोड्यावर अडतं. आपल्याला कुणाचा खून करता येणार नाही, असं तो सार्जंटला सांगतो. आपण खून करत नाही, ठार मारतो, असं सार्जंट बजावतो. दोन्ही एकच, असं पोरगा म्हणतो. सार्जंटचा युक्तिवाद असा की जनावराचा कुणी खून करत नाही, त्याला मारतात. इथे प्रेक्षक चमकतो, कारण हा युक्तिवाद ग्रिफला दिलासा देण्यासाठी आहे आणि त्याची किंमत म्हणून समोरच्याला माणसांतून उठवतो. शिवाय बोलणाऱ्याच्या मनात 1918 चा तो माळ आहे. ज्याला खून आणि ठार मारणं यांतली रेषा पक्की ठाऊक आहे असं वाटतं, त्यालाच ती कुठे आहे हे कळलेलं नाही. पलीकडच्या फौजेतला श्रोडर हा जर्मन सार्जंटही आपल्या शिपायाला हेच शिकवतो. दोन्ही फौजांचं नीतिशास्त्र शब्दशः सारखं निघतं.

ख्रिस्ती धर्मविचारात हा प्रश्न फार जुना आहे. संत ऑगस्टिननं आज्ञेनुसार मारणाऱ्या सैनिकाला आज्ञा देणाऱ्याच्या हातातली तलवार मानलं. दोष हाताचा, तलवारीचा नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं न्याय्य युद्धाच्या तीन अटी घातल्या: अधिकृत सत्ता, रास्त कारण आणि शुद्ध हेतू. या चौकटीत सार्जंट निर्दोष सुटतो, कारण त्याला आज्ञा होती, कारण होतं आणि युद्धविरामाची खबर नव्हती.

याच परंपरेत एक दुसरा, कमी ऐकू येणारा सूरही आहे. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या सिझेरियाचे बिशप बेसिल यांनी लिहून ठेवलं की पूर्वसूरींनी युद्धातल्या हत्येला खून मानलेलं नाही. तरीही अशा सैनिकांनी तीन वर्षं प्रभुभोजनापासून दूर राहावं हे बरं, कारण त्यांचे हात स्वच्छ नाहीत. बेसिल शिक्षा सुनावत नाहीत आणि शाबासकीही देत नाहीत. गुन्हा नाही आणि तरी हात मळलेले आहेत, अशी एक तिसरी अवस्था ते मान्य करतात.

पुढे 1066 मध्ये हेस्टिंग्जची लढाई झाली. नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं, आणि त्याच्या बाजूला पोपचा आशीर्वाद होता असं मानलं जातं. तरीसुद्धा काही वर्षांत नॉर्मन बिशपांनी पोपच्या प्रतिनिधीच्या संमतीनं विजयी सैनिकांना प्रायश्चित्त लावलं. आपण ज्याला मारलं हे ठाऊक आहे अशा प्रत्येक माणसामागे एक वर्ष. जखमी केलं पण तो मेला की जगला ठाऊक नाही, तर प्रत्येकामागे चाळीस दिवस. धनुर्धारींना आपल्या बाणांनी किती पडले हे कळणंच अशक्य, म्हणून त्यांना तीन उपासकाळांइतकं प्रायश्चित्त. आजच्या वाचकाला हा हिशोब भाबडा वाटेल, पण तो भाबडा नाही. ठाऊक नव्हतं ही सबब या बिशपांनी ऐकून घेतली आणि तिच्यासाठी वेगळं कलम केलं. अज्ञानानं ओझं हलकं होतं, नाहीसं होत नाही, हे त्यांना समजलं होतं. 1918 च्या त्या कॅप्टनला ते समजलं नाही.

मराठी वाचकाला इथे गीता आठवणारच. विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या ‘गीता प्रवचनां’त अर्जुनाच्या विषादावर नेमकं बोट ठेवलं आहे. अनेकांना फाशी देणाऱ्या न्यायाधीशासमोर स्वतःचाच मुलगा आरोपी म्हणून उभा राहतो आणि त्याला एकदम फाशीची अमानुषता सुचते. अर्जुनाचं बोलणं त्या जातीचं आहे, अहिंसेचं नव्हे, असं ते सांगतात. ग्रिफला मात्र हे लागू होत नाही. त्याच्यासमोर आजोबा नाहीत की गुरू नाहीत. समोर एक अनोळखी जर्मन आहे, आणि त्याच्यावरही हात उचलत नाही. त्याची अडचण अर्जुनापेक्षा निखळ आहे, आणि म्हणूनच सार्जंटचं उत्तर तिथे तोकडं पडतं.

गीतेपेक्षा या चित्रपटाच्या जवळ जातो तो शांतिपर्वातला युधिष्ठिर. युद्ध धर्माचं होतं, कृष्ण सोबत होता, विजय मिळाला होता. तरी कर्ण आपला थोरला भाऊ होता हे नंतर कळल्यावर धर्मराज राज्य टाकून वनात जायला निघतो. ठाऊक नव्हतं, ही सबब त्यालाही पुरत नाही. व्यास त्याला तू निष्पाप आहेस एवढंच म्हणून गप्प बसवत नाहीत. अश्वमेध कर, असं सांगतात. सिझेरिया आणि हस्तिनापूर यांच्यात कसलाही संबंध नाही, पण निवाडा एकच आहे.

ओमाहा किनाऱ्यावरचा प्रसंग या दृष्टीनं पाहण्यासारखा आहे. काटेरी तारांमध्ये वाट पाडायला स्फोटकांनी भरलेल्या नळ्या एकमेकींना जोडत पुढे ढकलायच्या आहेत. याला ‘बंगलोर टॉर्पेडो’ म्हणतात, कारण मद्रास सॅपर्सच्या मॅक्लिंटॉक या अधिकाऱ्यानं तो 1912 मध्ये बंगळूरला तयार केला होता. पोरांना क्रमांक दिले आहेत. एक पडला की सार्जंट पुढचा आकडा पुकारतो, नावं घेत नाही. ग्रिफची पाळी येते, तो मध्येच गोठतो, आणि सार्जंट त्याच्या आसपास गोळ्या झाडून त्याला पुढे ढकलतो. 1918 च्या हत्येपेक्षा हा प्रसंग जड आहे. तिथे सार्जंटला माहिती नव्हती. इथे आपण कुणाला कशाकडे पाठवतो आहोत हे त्याला पुरतं ठाऊक आहे, आणि तरी तो आकडा पुकारतो. न पुकारला तर सगळेच वाळूवर मरतील. यातून निर्दोष बाहेर पडायची वाटच नाही, आणि फुलर ती असल्याचं भासवतही नाही.

फाल्केनाऊच्या छळछावणीत उलटंच घडतं. भट्टीत लपलेला एक जर्मन सैनिक ग्रिफला सापडतो. आतापर्यंत बिचकणारा ग्रिफ गोळ्यांमागून गोळ्या झाडत सुटतो. सार्जंट येतो, पाहतो आणि त्याच्या हाती गोळ्यांची नवी पट्टी देतो. इथे खून आणि ठार मारणं यांतली रेषा पुसली गेली आहे, आणि जो ती शिकवत होता त्यानंच ती पुसू दिली. दोष द्यावा तर भट्टीतल्या त्या हाडांसमोर कुणाच्या तोंडून शब्द निघेल? तरी उस्ताद म्हणून सार्जंट इथे चुकला, असंच म्हणावं लागतं. ग्रिफला त्या क्षणी गोळ्यांपेक्षा खांद्यावर हात हवा होता. फुलर स्वतः त्या छावणीत होता. तिथलं वास्तव त्यानं तेव्हा 16 मिलिमीटरच्या कॅमेऱ्यानं टिपलं होतं: छावणीबद्दल कानांवर हात ठेवणाऱ्या गावकऱ्यांना फुलरच्या कॅप्टननं प्रेतांना कपडे घालायला आणि पुरायला लावलं. तो कॅप्टन गावालाही प्रायश्चित्त लावत होता. ज्यांनी गोळी झाडली नाही त्यांचेही हात तपासायचे असतात, हे त्याला उमगलं होतं.

महाराष्ट्राला हे परकं नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावचे 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले, आणि त्यानंतरच्या पिढ्याही सैन्यात जात राहिल्या. चित्रपटात एक पोरगा स्मारकावरची नावं वाचून म्हणतो, आपल्या मेलेल्यांची नावं किती लवकर कोरली! ते स्मारक मागच्या महायुद्धाचं असतं. नावं तीच कशी, तर ती नेहमी तीच असतात, हे सार्जंट सांगतो. गावानं हुतात्म्यांची नावं जपावीत, ते योग्यच आहे. पण जो जिवंत परतला, ज्यानं आपल्यासाठी मारलं, त्याच्या मनावरचं ओझं वाटून घेण्याची आपल्याकडे रीत नाही. आपण त्याला हार घालतो आणि किस्से विचारतो. बेसिलची तीन वर्षं ही त्याला दिलेली शिक्षा नसून सवड होती.

चित्रपट संपतो तो मे 1945 मध्ये, रात्री, जंगलात. श्रोडर शरण यायला पुढे होतो, युद्ध संपल्याचं सांगतो, आणि सार्जंट पुन्हा सुरा चालवतो. मग पोरं धावत येऊन सांगतात की युद्ध संपून चार तास झाले. या वेळी समोरचा अजून श्वास घेतो आहे. सार्जंट त्याच्या जखमेवर झुकतो, त्याला शिव्या घालत जगवायला लागतो, आणि मारायला शिकलेली ती चार पोरं त्याला मदत करतात. वाचवण्याचा एकही धडा त्यानं आधी दिलेला नव्हता.

या शेवटानं 1918 चा हिशोब फिटला, असं काही समीक्षक मानतात. ते पटत नाही. माळावरचा तो जर्मन मेलेलाच आहे, त्याला दुसरा जीव देऊन परत आणता येत नाही. श्रोडरला वाचवणं ही भरपाई नसून प्रायश्चित्ताची सुरुवात आहे, आणि तीही सत्तावीस वर्षं उशिरा. सार्जंट खुनी नाही, निर्दोषही नाही. त्याला पाठवणारे आणि त्याच्या जिवावर घरी सुखरूप बसलेले, तेही नाहीत.

1980 मध्ये निर्मात्या कंपनीनं हा चित्रपट कापून दोन तासांच्या आत आणला होता. फुलर 1997 मध्ये गेला. त्यानंतर चित्रपट-समीक्षक रिचर्ड शिकेल यांनी 2004 मध्ये सापडलेले तुकडे जोडून पावणेतीन तासांच्या घरात जाणारी आवृत्ती तयार केली. श्रोडरचे पुष्कळसे प्रसंग तिच्यात परत आले आहेत. हा प्रश्न दोन्ही बाजूंनी समजून घ्यायचा असेल, तर पाहावी ती हीच आवृत्ती.