आवाज कुणाचा?

नागपूरजवळच्या कामठीतला माणूस दिवसाकाठी तीन आवाजांत तरी बोलतो. घरी ‘काहून’ आणि ‘पोट्टेहो’ची मराठी, बाजारात हिंदी आणि साहेबाच्या टेबलापुढे जपून उच्चारलेली पुस्तकी भाषा. १८२१मध्ये इंग्रजांनी कन्हानकाठी छावणी वसवली. मद्रासी पलटणींबरोबर तमिळ, तेलुगू बोलणारी माणसं आली, विणकरांच्या मोहल्ल्यांत उर्दू नांदली. अशा गावात आवाज बदलणं हे सोंग नसतं, रोजचा व्यवहार असतो. म्हणून हॉलिवूडच्या सुवर्णकाळातल्या विनोदी आणि संगीतमय चित्रपटांपैकी काय पाहावं, असं इथं कुणी विचारलं, तर मी एक प्रश्न हातात देतो. एकांकिका स्पर्धांत पोरं तो आरोळीसारखा ठोकतात, इथं तो खराच विचारायचा: आवाज कुणाचा?

सुरुवात मात्र आवाज नाकारणाऱ्यापासून करावी. १९३१च्या मार्चमध्ये मुंबईत ‘आलम आरा’ बोलू लागला, त्याच वर्षी चार्ली चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ आला. हॉलिवूड तोवर बोलपटांनी व्यापून टाकलं होतं, तरी चॅप्लिननं आपल्या भटक्याला मुकाच ठेवलं. पहिल्याच प्रसंगात पुतळ्याचं अनावरण आहे. प्रतिष्ठित मंडळी भाषण करतात आणि त्यांच्या तोंडून नुसता पिपाणीसारखा चिरका आवाज निघतो. ज्यांना बोलण्याचा मान आहे त्यांच्याजवळ सांगण्यासारखं काही नाही, आणि ज्याच्याजवळ आहे तो गप्प. राजा परांजप्यांच्या ‘जगाच्या पाठीवर’मधली (१९६०) आंधळी मुलगी ज्यांना आठवते, त्यांना चॅप्लिनची आंधळी फुलवाली परकी वाटणार नाही. शेवटी ती त्याला ओळखते ती हाताच्या स्पर्शावरून.

त्यानंतर ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२). मूकपटांची लाडकी नायिका लीना लॅमंट बोलपटात तोंड उघडते आणि फाटक्या आवाजानं सगळं मुसळ केरात जातं. मग पडद्यामागे दुसऱ्या मुलीला उभं करून तिचा आवाज लीनाला जोडतात. अखेर पडदा वर जातो, चोरी उघडी पडते, प्रेक्षक लीनाला हसतात. अमेरिकन प्रेक्षकाला हा न्याय वाटतो. आपण मात्र इथं क्षणभर अडखळतो. उसना आवाज ही त्यांच्या गोष्टीतली लबाडी, आपल्याकडे ती आख्ख्या सिनेमाची रीत! ‘महल’ (१९४९)च्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर आधी लता मंगेशकरांचं नाव नव्हतं. नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं. गाणाऱ्या माणसाऐवजी एका काल्पनिक बाईला श्रेय! ‘फिल्मफेअर’चं पार्श्वगायनाचं पारितोषिक सुरू झालं तेही १९५९मध्ये. आपल्याकडे पडदा वर गेला, पण फार सावकाश, आणि त्यामागची बाई पुढे नायिकांहून मोठी झाली.

गंमत अशी, की उसन्या आवाजाची थट्टा करणारा हा चित्रपट स्वतःही सोवळा नव्हता. लीनासाठी ‘गोड’ आवाजात संवाद म्हणणारी मुलगी पडद्यावर डेबी रेनल्ड्स आहे, पण ते संवाद बोलली लीनाची भूमिका करणारी जीन हेगनच. फाटका आवाज हा तिचा अभिनय होता. रेनल्ड्सच्या नावावरचं एक गाणंही बेटी नॉइसनं गायलं. चोर आणि धनी यांनी जागा बदलल्या, आणि हे ओरडून सांगायला कुणी पडदा वर केला नाही.

कामठीकरानं सर्वांत बारकाईनं पाहावा तो ‘माय फेअर लेडी’ (१९६४). शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरचाच तो संगीतपट, आणि पु. ल. देशपांड्यांची ‘ती फुलराणी’ (१९७५)ही त्याच नाटकातून आलेली. गावंढळ बोलणाऱ्या फुलवालीला प्राध्यापक शिष्टांची भाषा शिकवतो, एवढीच गोष्ट. या चित्रपटात प्राध्यापक झालेल्या रेक्स हॅरिसनची गाणी चित्रीकरणाच्या वेळीच, अंगावर लपवलेल्या मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रित झाली. आणि ऑड्री हेपबर्नच्या तोंडची बहुतेक गाणी मार्नी निक्सननं गायली. शिकवणाऱ्याचा आवाज त्याचा स्वतःचा, शिकणारीचा परका! गोष्टीत जे घडतं तेच स्टुडिओतही घडलं.

नागपूरकडची भाषा मराठी पडद्यावर आणि मंचावर पुष्कळदा हशा पिकवायला येते. इथला मुलगा पुण्याला मुलाखतीला जातो, तेव्हा ‘काहून’ गिळून ‘का बरं’ म्हणतो. त्याचं काम होतं, त्यात वाईट काही नाही. पण आपण हसलो ते फुलवालीला की तिच्या उच्चारांना सुधारायला निघालेल्या प्राध्यापकाला, हे ‘ती फुलराणी’ आणि ‘माय फेअर लेडी’ पाठोपाठ पाहिल्यावर स्वतःला विचारावं. पु. लं.नी आपल्या फुलराणीला, मंजुळेला, आपल्या मातीतली बोली दिली आणि तिच्या रागालाही आवाज दिला. म्हणून मला त्यांची फुलराणी ऑड्रीहून जास्त जिवंत वाटते.

शेवटी ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९). गुंडांच्या भीतीनं दोन वादक बायकांच्या बँडमध्ये बायका होऊन लपतात. त्यांतला एक झालेल्या टोनी कर्टिसला बायकी पट्टी पेलेना, तेव्हा त्याची काही वाक्यं पॉल फ्रीजकडून म्हणवून घेतली. पुरुषाच्या अंगावर बाईचा वेश आणि त्या वेशात दुसऱ्या पुरुषाचा आवाज! अमेरिकेत हा केवढा धाडसी विनोद होता. पण ज्या मराठी माणसांनी बालगंधर्वांच्या नेसण्यावरून लुगड्यांच्या तऱ्हा ठरवल्या, ज्यांच्या गावी खडी गंमतीत नाच्यावर शिट्ट्या पडतात, त्यांना त्यात नवल कसलं? उलट आपल्याला एक प्रश्न सुचतो, जो त्यांना सुचत नाही: बाईचा वेश घेतला की हसूच का यावं? गंधर्वांच्या सिंधूपुढे लोक रडायचे. या चित्रपटाचं शेवटचं वाक्य हसवता हसवता त्याच प्रश्नापाशी नेऊन सोडतं, म्हणून ते इथं सांगत नाही.

हे सगळं फार लांबचं वाटत असेल, तर मधे भगवानदादांचा ‘अलबेला’ (१९५१) लावावा. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकले, आणि मुंबईत गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांच्या मदतीला होते. नागपूरची तालीम आणि पणजीकडची तुतारी अमेरिकन तालावर एकत्र आली, तीही कुठला सूर कुणाचा हे न सांगता.

एक सूचना. हे चित्रपट हिंदीत डब केलेले पाहू नका. खाली अक्षरं वाचायचा त्रास घ्या. दुसऱ्याचा आवाज चिकटवला की काय होतं, हेच तर त्यांना सांगायचं आहे. आणि पाहून झाल्यावर पुण्याला गेलेल्या पोराचा फोन आलाच, तर त्याच्या ‘का बरं’वर हसू नका. थोड्या वेळानं ‘काहून’ आपसूक येतंच.